खानदेशचे भिल्ल : राखण आणि रान

खानदेशच्या उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा आणि मधून तापी. या दोन्ही डोंगरांच्या रानांत ज्यांची वस्ती फार जुनी, ते भिल्ल. मैदानांतील लोकांनीं त्यांस दरोडेखोर ठरविलें. परंतु ज्या गांवांनीं हें नांव ठेविलें, त्यांपैकींच पुष्कळांची रात्रीची राखण पिढ्यान्‌पिढ्या भिल्ल करीत असे. त्यास जागल्या म्हणत. चोराचा माग काढावा, तो शिवेपलीकडे गेला तर पुढील गांवच्या जागल्याच्या हवालीं करावा, आणि सुगींत खळ्यावरून आपला धान्याचा हक्क न्यावा, असा त्याचा रिवाज. घाटांतील नाईक वाटसरूंकडून कर घेऊन त्यांस निर्धास्त पार पोंचवीत.

उरलेलें पोट रानावर. चैत्रांत पहाटे मोहाचीं फुलें वेंचावींत. तीं वाळवून खावींत, त्यांचीच दारू गाळावी, बियांचें तेल काढावें. डिंक, मध, चारोळी गोळा करावी. लांकडाच्या मोळ्या व गवताचे भारे बाजारीं नेऊन मीठ आणि कापड आणावें.

उत्तर पेशवाईंत ही घडी मोडली. होळकरांच्या व पेंढाऱ्यांच्या धुमाळींत आणि १८०३-०४ च्या दुष्काळांत गांवें ओस पडलीं. खळेंच नाहीं, तेथें हक्क कोठला? जागल्याच लुटारू झाला. १८१८ सालीं इंग्रजांनीं खानदेश घेतला, तेव्हां प्रथम त्यांनीं बंदूक चालवून पाहिली. ती पुरी पडेना, म्हणून १८२५ सालीं, एल्फिन्स्टन गव्हर्नर असतां, भिल्ल पलटण उभारण्याचें काम औट्रम नांवाच्या तरुण अधिकाऱ्याकडे सोंपविण्यांत आलें. धरणगांव हें तिचें ठाणें. औट्रम भिल्लांत वावरला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीस गेला. आणि ज्यांस पकडण्यास फौज जात असे, तेच लोक बंदोबस्त राखूं लागले. यांत सुधारणेचा चमत्कार पाहणारांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, तें काम त्यांचें वडिलोपार्जितच होतें. नवा होता तो पगार. आणि पगारानें सर्वच मनें बांधलीं गेलीं नाहींत. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ सालीं उलटला, व ११ एप्रिल १८५८ रोजीं आंबापाणी येथें भिल्लांनीं इंग्रज फौजेशीं निकराची झुंज दिली.

तरीही बंदुकीपेक्षां कागदानें त्यांचें नुकसान अधिक केलें. १८७८ च्या जंगल कायद्यानें सरकारास रान राखीव करतां येऊं लागलें. त्याच सालच्या मुंबई अबकारी कायद्यानें परवान्यावांचून दारू गाळणें गुन्हा ठरलें. काल जें पोट, तें आज अपराध! इकडे कापसाच्या पिकाबरोबर सावकाराची वही फुगली, जमिनी गेल्या, आणि भिल्ल दुसऱ्याच्या शेतावर सालदार झाला. त्या जमिनींसाठींच १९७२ च्या सुमारास शहाद्याकडे अंबरसिंग सुरतवंती यांनीं लोक उभे केले. शहादें तेव्हां धुळें जिल्ह्यांत होतें. १९९८ पासून तें नंदुरबारांत आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें कसणाऱ्याचा रानावरील हक्क मान्य केला. त्यासाठीं १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो; आणि ज्यांच्या घरीं कागद कधीं नव्हता, त्यांच्यासाठीं गांवांतील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुराव्यांत धरला जातो.