खारीचा वाटा, टांगलेला

मराठीत खारीला फार मान आहे बघा. कंपनीतला निरोपाचा मेल असो की गणेशोत्सवातलं आभारप्रदर्शन, "माझाही यात खारीचा वाटा" हे वाक्य ठरलेलं. सेतू बांधताना खार वाळूत लोळली, अंगाला चिकटलेले कण नेऊन टाकले आणि रामाने पाठीवरून तीन बोटं फिरवली, ही गोष्ट आपण सगळे ऐकतच मोठे झालो. (वाल्मीकी रामायणात ती नाही, लोककथेतून आलेली आहे. पण समर्थ रामदासांच्या जांब गावच्या जिल्ह्यात राहून हे जरा हळूच बोलावं लागतं!)

गंमत अशी की या वाक्प्रचारात खार देते किती ते आहे, ती खाते किती याबद्दल चकार शब्द नाही. आजचा विषय तो दुसरा वाटा.

निमित्त आमच्या जालन्याच्या घरामागचं फीडर. रिटायर झाल्यावर बाबांनी ते घरीच बनवलं. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, तिला आरपार दोन लाकडी चमचे, चमच्याच्या पसरट टोकाशी दाणे गळतील एवढं भोक, आत बाजरी आणि तांदळाची कणी, आणि वर कडुनिंबाच्या फांदीला जाड तार. उद्देश एकच, चिमण्या. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा व्हायला लागला, आणि तेव्हापासून असली बाटली-फीडरं घरोघरी लटकायला लागली.

तिसऱ्या दिवशी पाहुणी आली, पण चिमणी नव्हे. खार! (आमच्याकडची जुनी माणसं चानी म्हणतात.) ती तारेवरून डोकं खाली करून सरळ उतरली. हे तिला जमतं कारण तिच्या मागच्या पायाचे घोटे उलटे फिरतात. मागच्या नखांनी वर धरून ठेवायचं, लटकायचं आणि पुढचे दोन्ही हात जेवायला मोकळे. मांजराला हे जमत नाही, म्हणून ते झाडावर चढतं झोकात आणि उतरतं मागे सरकत सरकत.

मग सुरू झालं आपल्या ओळखीचं रिलीज सायकल. व्हर्जन दोनमध्ये तारेत स्टीलची ताटली उलटी ओवली, म्हणजे वरून येणारी खार घसरावी. तिने वरचा रस्ताच सोडला आणि कंपाउंडच्या भिंतीवरून थेट बाटलीवर उडी मारायला लागली. व्हर्जन तीनमध्ये फीडर भिंतीपासून लांबच्या फांदीला गेलं. तेव्हा तिने ताटलीला वळसा घालायचं तंत्र शोधलं. दाणे हळू गळतात म्हणून शेवटी बाटलीचं बूडच कुरतडलं. सगळी बाजरी धो धो खाली! आणि त्या दिवशी अंगणात जेवढ्या चिमण्या उतरल्या, तेवढ्या एरवी महिन्याभरात दिसत नाहीत. सोबत साळुंक्या आणि होले.

हा खेळ आपणच पहिल्यांदा खेळतोय असं नाही. ब्रिटनमध्ये त्याची पुरती संस्कृती झाली आहे. तिथे १८७६ मध्ये चेशायरमध्ये अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारी सोडल्या गेल्या, त्या पसरल्या आणि तिथली मूळची लाल खार मागे हटत गेली. त्यामुळे तिकडे फीडरवरची खार म्हणजे नुसती आगाऊ नाही, ती परकी घुसखोर. १९८० च्या दशकाच्या शेवटी बीबीसीने खारींसाठी बागेत अडथळ्यांची शर्यत मांडून टीव्हीवर दाखवली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या खारींसाठीच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नासात काम केलेल्या मार्क रोबर या इंजिनिअरने घराच्या अंगणात तसाच कोर्स बांधला, तो व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

तिकडच्या दुकानांत "स्क्विरल-प्रूफ" फीडर मिळतात. त्यातले बरेच वजनावर चालतात. जड प्राणी बसला की स्प्रिंग दबते आणि झाकण बंद. करडी खार साधारण अर्धा किलोची, तिथले छोटे पक्षी २०-३० ग्रॅमचे. फरक एवढा मोठा की स्प्रिंगला शंका यायचं कारणच नाही. आता आपल्याकडचं गणित करा. आपली पट्टेवाली खार भरते जेमतेम १०० ग्रॅम आणि चिमणी २५ ते ३०. म्हणजे चार चिमण्या एकदम बसल्या की झाली एक खार! चिमण्या तर घोळक्यानेच येणार. म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांनाच दार बंद. आयात केलेलं सोल्यूशन लोकल डेटावर कसं आपटतं याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आणि घुसखोर कोण हेही जागेवर ठरतं. आपल्या पाच पट्ट्यांच्या खारी १८९८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून बाहेर पडल्या, तिथल्या वस्तीत रुजल्या आणि सरकारदरबारी उपद्रवी प्राणी ठरल्या. जिच्या पाठीवर इकडे रामाची बोटं, तिच्यासाठी तिकडे पिंजरे.

"पाच पट्टे" वाचून कुणी दचकलं असेल. गोष्टीत तर तीन आहेत. दोन्ही बरोबर. आपल्याकडे दोन जवळच्या जाती आहेत. तीन पट्ट्यांची दक्षिणेत जास्त, पाच पट्ट्यांची उत्तर आणि मध्य भारतात. पाचवालीचे बाहेरचे दोन पट्टे फिकट असतात, मुद्दाम बघितलं तरच दिसतात. आमच्या कडुनिंबावरची पाचवाली आहे.

या मोजदादीच्या इतिहासात जालनाही येऊन जातं. आपल्याच जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने मराठ्यांना हरवलं, आणि पुढे जालन्यात छावणी बसली. टॉमस जेर्डन नावाचा कंपनी सरकारचा तरुण डॉक्टर मद्रासच्या घोडदळाच्या पलटणीबरोबर १८३७ नंतर इथे काही वर्षं होता. सैनिकांचे ताप बघायचे आणि उरलेल्या वेळात पक्षी टिपायचे. भारतातल्या पक्ष्यांवरचा त्याचा मोठा ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात आला, सस्तन प्राण्यांवरचा १८६७ मध्ये. पण पाच पट्ट्यांच्या खारीला आजचं शास्त्रीय नाव मिळायला १९०५ साल उजाडावं लागलं. ते दिलं मुंबई इलाख्याच्या वनखात्यात नोकरी केलेल्या रॉटन नावाच्या साहेबाने. वाघ-बिबट्यांची बारशी कधीच उरकली होती. रोज अंगणात नाचणारीकडे नीट बघायला मात्र वेळ लागला.

साहेबांनी नोंदी केल्या, पण खार आणि धान्य यांच्यात कसं राहायचं हे इथल्या घरांना त्याआधीपासून माहीत होतं. घरातल्या दोन टांगत्या वस्तू आठवा.

पहिली शिंकं. आढ्याला दोरी, दोरीत मडकं, मडक्यात दही-लोणी. मांजर, उंदीर, मुंग्या आणि बाळकृष्ण यांच्यापासून सुरक्षित. (चौथ्या युजरपुढे सिस्टिम नेहमीच हरली, ते सोडा.) ज्वारीचं पण तसंच. पेवात नाहीतर कणगीत बंद. पीक उभं असताना शेतात माळा, माळ्यावर राखणदार, हातात गोफण. आयटीच्या भाषेत सगळं डिफॉल्ट डिनाय. यात भूतदया वगैरे काही नव्हतं, आणि नसायलाच हवं होतं, कारण वर्षाची भाकरी त्यात होती.

दुसरी टांगती वस्तू म्हणजे कणसांचा घोस. सुगी झाली की ज्वारी-बाजरीची चांगली भरलेली कणसं एकत्र बांधून ओसरीत, देवळात, दाराशी लटकवायची. ती पाखरांची. त्यावर ना ताटली ना स्प्रिंग. चिमणी आली तर चिमणी, खार आली तर खार. कुणी किती खाल्लं याचं लॉग कुणी ठेवत नव्हतं.

म्हणजे जुनं घर प्राण्यांमध्ये फरक करत नव्हतं, धान्यात करत होतं. हे आमचं, इथे कुणीच यायचं नाही. हे तुमचं, इथे कुणीही या. आपलं फीडर या दोन्हींना एकाच बाटलीत कोंबतं. दान पण द्यायचं आणि पहारा पण करायचा. पुण्य हवं, पण लाभार्थी आम्ही निवडणार. खारीशी चाललेली सगळी मारामारी इथून सुरू होते.

हे घोस गेले कुठे? याचंही उत्तर बऱ्यापैकी जालन्यातच आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि जालना बियाण्यांचं गाव झालं. त्याच वर्षी देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, आली. बारवाल्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि तो मिळावा एवढं काम निश्चित झालं होतं. पण पुढच्या काही दशकांत मराठवाड्याच्या खरिपातून ज्वारी हटत गेली, कपाशी आणि सोयाबीन आलं. कपाशीचं बोंड काही दाराला लटकवत नाहीत! धाब्याच्या घरांच्या जागी स्लॅबची घरं आली, आणि भिंतीतल्या ज्या फटींत चिमण्या घरटी करायच्या त्या बुजल्या. घरात कणीस नाही म्हणून बाटली आली. बाटलीत विकतची बाजरी आली. विकतची म्हटल्यावर हिशेब आला, आणि हिशेब आल्यावर खार चोर झाली.

आता कुणी म्हणेल, गतकाळाचं फार गोड चित्र काढतोयस. नाही. तो घोस उरलेल्यातून यायचा, आणि काही वर्षं काहीच उरत नव्हतं. १९७२ च्या दुष्काळाचं आजी सांगायची. लोक खडी फोडायला जात होते, सुकडी खात होते, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची भाकरी करत होते. त्या वर्षी आमच्या दारावर कणसं लागली नाहीत. कुणाच्याच लागली नाहीत. अंगणात दाणा सांडला तर माणसंच वेचत होती. पुढच्या वर्षी पीक आलं तेव्हा आजोबा पहिली कणसं घेऊन आले. आजीने त्यातली पाच दाराला बांधली आणि मग उरलेली जात्यावर घेतली. आजोबा म्हणाले, "अगं, आधी पोरांना तर होऊ दे." आजी म्हणाली, "त्यांचं मागच्या वर्षीचं राहिलंय."

ही थकबाकी मी कुठल्याच अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेली नाही. आजीला पर्यावरण हा शब्द माहीत नव्हता. चिमण्या वाचवायच्या आहेत असंही तिला वाटत नव्हतं. एक वाटा ठरलेला आहे, तो चुकला, तर तो द्यायचा, एवढंच. बलुतेदाराचं बलुतं खळ्यावर बाजूला काढतात तसं.

खारीला साध्वी करायचीही गरज नाही बरं का. ती फळं कुरतडते, पक्ष्यांची अंडी आणि कधी पिल्लंही खाते, हे नोंदलेलं आहे. म्हणून चिमण्यांसाठी घरट्याची पेटी लावलीत तर ती फीडरपासून चांगली लांब लावा. खाण्याच्या जागेशेजारी घरटं म्हणजे खारीला पत्ता लिहून दिल्यासारखं आहे. पेटी म्हणजे शिंकं, तिथे पहारा हवाच. घोसावर पहारा नको.

आमच्याकडे व्हर्जन चार असं आहे. बाटली काढून टाकली. बाबा मोंढ्यातून बाजरीची कणसं आणतात आणि कडुनिंबाला दोन घोस बांधतात, एक जाड फांदीला आणि एक पार टोकाला. कुठला कुणाचा हे ठरवलेलं नाही. सकाळी खारी येतात, त्या बेताने कुरतडत नाहीत, अर्धं खाली सांडतात, आणि सांडलेलं चिमण्या खातात. खाली मातीच्या परातीत पाणी असतं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात टँकरवर दिवस काढलेल्या माणसांना पाण्याचं वेगळं सांगावं लागत नाही.

खर्च महिन्याला एका पिझ्झाएवढाही येत नाही. गॅलरी असेल तर ग्रिललाही बांधता येतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी कचऱ्यावरून तक्रार केली तर खाली एक जुनं ताट ठेवा, म्हणजे सांडलेलं त्यात पडेल. खार त्या ताटातही बसून खाते, पण ते असो.