चव्वेचाळीस सीटांची गाडी : माहीम परिसरातील मंडळांच्या सहलींचा इतिहास

मागच्या वेळी आपण 1739 सालची वसईची मोहीम पाहिली. चिमाजी आप्पांच्या फौजा या किनाऱ्याने उतरल्या, माहीम, केळवे, तारापूर ही ठाणी पोर्तुगीजांकडून घेतली गेली, तारापूरला बाजी भीवराव रेठरेकर पडले. ते सगळं झाल्यावर एका आजोबांनी आम्हाला विचारलं, "पुढचा विषय काय?" आम्ही म्हटलं, "सहल." ते हसले. त्यांना वाटलं, व्याख्यानमालेची सहल निघाली आहे.

तर हसू नका. आज विषय सहलच आहे. गावातलं महिला मंडळ, भजनी मंडळ, युवक मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, आळीतला गणेशोत्सव, यांपैकी कुणीतरी गाडी ठरवतं, पहाटे पाचला नाक्यावर माणसं जमतात, चाकाखाली नारळ फुटतो, "गणपती बाप्पा मोरया" होतं आणि रात्री दहा-अकराला सगळे आंबलेल्या अंगाने परततात. याचा इतिहास कोण लिहिणार? किल्ल्यांचा लिहिला जातो, घराण्यांचा लिहिला जातो. पण आपल्या आज्या-आया पहिल्यांदा घरातला पुरुष बरोबर न घेता तालुक्याबाहेर कधी गेल्या, असं विचारलं, की उत्तर बखरीत सापडत नाही. ते बहुतेक वेळा सहलीत सापडतं.

आधी थोडं मागे जाऊ. सहल नव्हती तेव्हा यात्रा होती. डहाणूकडची महालक्ष्मी, चैत्रातली तिची जत्रा, दक्षिणेला निर्मळची कार्तिकातली जत्रा, विरारची जीवदानी. बैलगाडी जोडायची, भाकऱ्या बांधायच्या, वाटेत एखाद्या नातेवाइकाच्या ओटीवर मुक्काम करायचा. यात्रेला कारण लागायचं, नवस किंवा कुळाचार. नुसतं "फिरायला जातो" असं म्हणून घर सोडणारा माणूस रिकामटेकडा ठरायचा. बाईच्या बाबतीत तर तो प्रश्नच नव्हता.

1860च्या दशकात बीबीसीआयची रेल्वे या भागातून गेली. गंमत बघा, तेव्हा तालुक्याचं नावही माहीम होतं. 1882च्या ठाणे गॅझेटियरमध्ये ते तसंच आहे. पण रुळ गेले पालघरवरून, आपल्यापासून सात-आठ किलोमीटर पूर्वेला, आणि रुळांमागून कचेऱ्याही गेल्या. आगगाडीने आपली पानं लांब पोचवली. केळवे-माहीमची विड्याची पानं करंड्यांतून पार उत्तर हिंदुस्थानात जायची. माणसं मात्र फार लांब गेली नाहीत. गेली ती मुंबईला, कामाला.

का गेली नाहीत? पैसा हे एक कारण झालं. आम्हाला त्याहून मोठं कारण वाटतं ते रविवारचं. मोकळा दिवस सगळ्यांना एकाच वेळी मिळाला तर सहल निघणार. गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंड्यांनी भांडून रविवारची सुट्टी मिळवली, 10 जून 1890. ती गिरणीत मिळाली, वाडीत नाही. पानवेलीला रविवार कळत नाही. पाणी द्यायचं ते द्यायचंच. कोळीवाड्यात भरती-ओहोटीचं पंचांग चालतं. म्हणजे इथे घरातला एक जण बाहेर पडायचा तर दुसऱ्याने मागे राहायचं, हा नियमच.

तिकडे इंग्लंडात उलट झालं होतं. 5 जुलै 1841 रोजी थॉमस कुक नावाच्या माणसाने लेस्टरहून लाफबरोला सुमारे पाचशे माणसं रेल्वेने नेली, डोई एक शिलिंग. पुढे हे नाव जगभर प्रवास कंपनी म्हणून गाजलं. पण ती पहिली सहल कंपनीची नव्हती, दारूबंदी मंडळाची होती. थोडक्यात, आपल्यासारख्याच एका मंडळाची! मोटारी आल्यावर तिथल्या गिरण्यांचे, चर्चचे, अगदी गुत्त्यांचेसुद्धा गट उघड्या मोटारगाड्यांतून समुद्रावर जायला लागले.

आपल्याकडे रविवार आला तो पगारदारांबरोबर. शिक्षक, रेल्वेतले नोकर, मुंबईला रोजची गाडी पकडणारे. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झालं, बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, आणि ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम हातात येणारी घरं गावोगाव दिसू लागली. महिना पाच-दहा रुपये सहलीसाठी बाजूला टाकायचे तर पगाराची तारीख लागते. बागायतदाराला पैसा येतो तो एकदम येतो आणि एकदम जातो.

आता एसटी. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर ही पहिली गाडी सुटली, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण एसटीच्या कारभारात एक शब्द आहे, तो आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो : प्रासंगिक करार. म्हणजे आगारात अर्ज करायचा, अनामत भरायची, आणि एक अख्खी गाडी चालकासकट आपली. लग्नाला, यात्रेला, सहलीला. मोटार वाहन कायद्यातही हाच फरक आहे. एक गाडी टप्प्याटप्प्यावर तिकीट देऊन कुणालाही घेते. दुसरी एका ठरलेल्या गटाला, ठरलेल्या रकमेत, ठरलेल्या ठिकाणी नेते.

या कराराचं गणित नीट पाहा, कारण आपल्या सहलींचा सगळा स्वभाव त्यातून बनला आहे. पैसे किलोमीटरवर, पण दिवसाला किमान इतके किलोमीटर गृहीत धरलेलेच. तुम्ही कमी फिरलात तरी तेवढे पैसे द्यायचेच. खासगी बसवालेही हाच हिशेब लावतात. मग जवळच्या वज्रेश्वरीला जाऊन परत यायचं म्हणजे पैसे वाया! कार्यकर्ता बसतो कागद घेऊन आणि म्हणतो, वज्रेश्वरी, तिथून गणेशपुरी, येताना जीवदानी, जमलं तर निर्मळ. चार ठिकाणं, प्रत्येकी चाळीस मिनिटं. "आमच्या सहलीत काही धड बघून होत नाही" अशी तक्रार तुम्ही सगळ्यांनी केली असेल. ती आयोजकाची हौस नव्हे मंडळी, ती किमान किलोमीटरची किंमत आहे.

दुसरं गणित सीटांचं. गाडी चव्वेचाळीस सीटांची धरा. भाडं ठरलेलं, ते डोक्यांवर वाटायचं. आदल्या रात्री सहा जणी गळाल्या – कुणाच्या घरी पाहुणे, कुणाची सासू आजारी – की उरलेल्यांची वर्गणी वाढते. वाढवली तर आणखी दोघी गळतात. म्हणून आयोजकाचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला असतो : गाडी भरली पाहिजे. आपली मंडळं कशी आहेत, ते आपल्याला ठाऊक आहे. आळीची, वाडीची, आणि खरं सांगायचं तर जातीची. वाडवळांचं वेगळं, भंडाऱ्यांचं वेगळं, मांगेल्यांचं वेगळं. सभेच्या ठरावाने त्या भिंतीला कधी भोक पडलं नाही. पण सहा सीटा रिकाम्या राहतात म्हटल्यावर "त्या शाळेतल्या बाईंना विचारा", "पलीकडच्या पाड्यावरच्या नर्सताई येतील का" असं सुरू झालं. एकदा गाडीत बसल्यावर एकाच डब्यातला वडा खाल्ला जातो. यातून समाज एक झाला असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. सोमवारी ज्याची त्याची आळी असते. पण सहलीची यादी ही मंडळाच्या सभासद यादीपेक्षा नेहमी मोकळी असते, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आणि कोण नसतं त्या यादीत, तेही बोलायला हवं. वाडीत पाणी लावायला मागे राहणारा आदिवासी गडी नसतो. पुष्कळदा त्याच्या मागे राहण्यावरच आपली सहल निघते. जव्हारला जाऊन आपण राजवाडा बघतो, दाभोसाचा धबधबा बघतो, "काय निसर्ग आहे" म्हणतो. त्याच वेळी तिकडची माणसं आपल्या भागात मजुरीला आलेली असतात. दोन्ही गाड्या मनोर-विक्रमगडच्या रस्त्यावर एकमेकींना ओलांडून जातात.

बायकांकडे येऊ. महिला मंडळाच्या सहलींबद्दल आम्ही जेव्हा जेव्हा वयस्क बायकांशी बोललो, तेव्हा त्या ठिकाणाबद्दल थोडं आणि परवानगीबद्दल खूप बोलल्या. कुणाला विचारलं, कसं विचारलं, आदल्या दिवशी काय काय करून ठेवलं. दोन वेळचं जेवण झाकून, पाणी भरून, गुरांचं बघून मगच पाऊल बाहेर. परवानगी मिळायला देव लागायचा. म्हणून पहिल्या सहली जवळजवळ सगळ्या देवस्थानांच्या आहेत. 1979 साली 'अष्टविनायक' चित्रपट आला आणि आठ गणपतींची बसयात्रा घराघरात ठाऊक झाली. त्या निमित्ताने मुक्कामाची सहल सासरच्यांच्या गळी उतरली. देवाला जाते म्हणणाऱ्या सुनेला नाही कसं म्हणणार? पण गाडीत काय चालायचं? भेंड्या, हौजी, नकला, मागच्या सीटवरचा दंगा. दर्शनाची रांग एक तास आणि गाडीतलं हसणं सहा तास. आमच्यापैकी एकीची आई सांगायची, की तिने नाव घेताना सोडलं तर नवऱ्याचं नाव पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं ते अशाच गाडीत, त्याची नक्कल करताना!

पुरुष मंडळांच्या सहलींचं एक ठिकाण मात्र यात्रेच्या कुठल्याच यादीत बसत नाही. दमण. 1961च्या डिसेंबरात तिथली पोर्तुगीज सत्ता गेली, पण दारू राहिली. आणि मध्ये गुजरातची दारूबंदी. जाताना गाणी आणि येताना तपासणी नाक्याच्या भीतीने चिडीचूप, असा तो प्रवास. शिवाय राज्याची हद्द ओलांडायची तर खासगी बसला वेगळा परवाना लागतो. तो न काढता नेणारा एक बसवाला आमच्या नशिबी आला होता. नाक्यावर चार तास काढले. त्या दिवशी आम्ही जे पर्यटनस्थळ पाहिलं त्याला नाव नाही.

आता एक गोष्ट, जी सांगताना आम्हाला थोडा अभिमान वाटतो. मराठी माणसाची गट-सहल ज्यांनी व्यवसाय म्हणून उभी केली, त्यांतलं मोठं नाव केसरी पाटील. ते याच पट्ट्यातले, मूळचे मथाणे गावचे. आधी राजा-राणी ट्रॅव्हल्स या घरच्याच व्यवसायात त्यांनी काम केलं, मग 1984 साली केसरी टूर्स काढली. 2013 मध्ये त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी वीणा वर्ल्ड सुरू केली. त्यांच्या जाहिरातींतल्या गोष्टी जरा आठवा : सगळं एकत्र, बरोबर टूर मॅनेजर, जेवण आपल्या पद्धतीचं, बायकांसाठी स्वतंत्र सहल. हे सगळं गावातलं मंडळ आधीपासून करत होतं. स्वयंपाकी बरोबर न्यायचा, म्हाताऱ्यांना पुढच्या सीटा द्यायच्या, आवळासुपारी नि लिंबं वाटायची, प्रत्येक थांब्यावर डोकी मोजायची. मंडळातूनच त्यांनी हे उचललं, असा पुरावा आमच्याकडे नाही आणि तसा दावाही नाही. पण तो माणूस याच मातीतला, याच चालीरीतींत वाढलेला, एवढं म्हणायला हरकत नसावी.

इथे उलटी बाजूही आहे. आपण बाहेर जातो, तशा बाहेरच्या गाड्या आपल्याकडे येतात. केळव्याच्या सुरूच्या बनात रविवारी मुंबई-वसईच्या बसेस उभ्या असतात. शितलादेवीचं दर्शन, किनारा, जेवण, परत. 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल आली आणि गर्दी आणखी वाढली. आपण वज्रेश्वरीला चाळीस मिनिटं देतो. ते आपल्याला तेवढीच देतात. माहीमचा किल्ला बघायला त्यांतलं कुणी येत नाही. आपलीही सहल रायगडला जाते आणि घरापासून हाकेच्या अंतरावरच्या कोटात झुडपं वाढतात, तेव्हा त्यांना दोष कुठल्या तोंडाने द्यायचा? वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी आप्पांनी वसईच्या विजयाचा नवस फेडायला बांधलं. त्याच मोहिमेतलं आपलं माहीम. गाडी निघायच्या आधी पाच मिनिटं कोटापाशी थांबवली, तर सहलीचा पहिला थांबा फुकटात मिळतो. किलोमीटरही वाढत नाहीत.

गेल्या काही वर्षांत गणित पुन्हा बदललं आहे. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट, मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. ही सवलत नेहमीच्या फेऱ्यांना. त्यामुळे आता आठ-दहा जणी ठरवतात आणि सरळ रोजच्या एसटीने निघतात. अर्ज नाही, अनामत नाही, चव्वेचाळीस भरायची चिंता नाही. स्वस्त आहे, सोयीचं आहे, आम्हीही जातो. पण आठ-दहा म्हणजे आपल्याच आळीच्या. ती रिकामी सीट, जिच्यासाठी पलीकडच्या पाड्यावर विचारायला जावं लागायचं, ती आता कुठे असते?

आता एक विनंती. मंडळांच्या कपाटात जमाखर्चाच्या वह्या असतात, त्यांत मागच्या पानांवर सहलींच्या याद्या असतात. कुणी पैसे भरले, कुणाचे बाकी, कोण आयत्या वेळी आलं नाही. रद्दीत टाकू नका. आम्हाला आणून दाखवा, फोटो काढून परत देऊ. आम्ही पाहिलेल्या अशा एका यादीत बायकांची नावं नव्हतीच, "अमुक यांच्या घरून 2" एवढंच होतं. आणि खाली, वेगळ्या शाईत, वेगळ्या हाताने, कुणीतरी त्या प्रत्येक आकड्यापुढे नाव लिहून ठेवलं होतं.