एम्बापेची किंमत शून्य कशी? ट्रान्सफर फीचा इतिहास आणि आपला डेटा

समजा, तुमच्यासमोर एक एक्सेल शीट आहे. पहिल्या कॉलममध्ये फुटबॉलपटूचं नाव, दुसऱ्यात वर्ष, तिसऱ्यात ट्रान्सफर फी. अल्फ कॉमन, १९०५, १,००० पौंड. नेयमार, २०१७, २२.२ कोटी युरो. किलियन एम्बापे, २०२४, शून्य. क्लब खेळाडूची किंमत कशी ठरवतात, यावर तुम्हाला संशोधन करायचंय. पहिला मोह कोणता होईल? जुन्या रकमांना महागाईचा हिशेब लावायचा, वय, गोल, सामने हे व्हेरिएबल जोडायचे आणि रिग्रेशन चालवून मोकळं व्हायचं.

जरा थांबा. तिसऱ्या कॉलममध्ये नक्की काय मोजलंय, ते आधी बघू.

आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत असतो. तिथे पुकारलेली रक्कम हे खेळाडूचं मानधन असतं. फुटबॉलमध्ये तसं नाही. ट्रान्सफर फी जाते जुन्या क्लबला. पगार वेगळा ठरतो. मग प्रश्न असा, की नवा क्लब जुन्या क्लबकडून नेमकं विकत काय घेतो?

याचं उत्तर शोधायला एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जावं लागतं. १८८५ मध्ये तिथे पैसे घेऊन खेळायला अधिकृत परवानगी मिळाली आणि १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली. चांगले खेळाडू श्रीमंत क्लबांकडे पळू नयेत म्हणून लीगने १८९३ पासून ‘रिटेन अँड ट्रान्सफर’ ही पद्धत आणली. तिच्यात खेळाडूचं रजिस्ट्रेशन क्लबच्या ताब्यात असे. करार संपला तरी क्लबने सोडल्याशिवाय त्याला लीगमधल्या दुसऱ्या क्लबकडून खेळता येत नसे, मग आहे तो क्लब पगार देवो वा न देवो. म्हणजे विकला जात होता तो खेळाडूला अडवून ठेवण्याचा हक्क.

आता कॉमनची नोंद पुन्हा वाचा. फेब्रुवारी १९०५ मध्ये मिडल्सब्रोने त्याला संडरलंडकडून १,००० पौंडांना घेतलं. चार आकडी फीचा हा पहिला व्यवहार, त्यामुळे बराच गदारोळ झाला. मिडल्सब्रो तेव्हा खालच्या विभागात घसरण्याच्या बेतात होता. कॉमनने पहिल्याच सामन्यात पेनल्टीवर गोल करून संघाला जिंकून दिलं आणि हंगामअखेर क्लब वाचला. म्हणजे त्या हजार पौंडांत कॉमनच्या कौशल्याइतकीच मिडल्सब्रोची घाईसुद्धा आहे. आणि कॉमनला काय मिळालं? १९०१ पासून पगारावर आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा होती. त्या दराने हजार पौंड कमवायला २५० आठवडे, म्हणजे जवळपास पाच वर्षं लागतात. पगारावर झाकण होतं, फीवर नव्हतं. क्लबांची चढाओढ साहजिकच फीमध्ये उतरली.

मग १९०८ मध्ये फीवरही ३५० पौंडांची मर्यादा घालून बघितली. क्लबांनी पळवाट काढली: हवा असलेला एक खेळाडू ३५० ला, आणि त्याच्यासोबत फारसे कामाचे नसलेले एक-दोघं तेवढ्याच किमतीला. काही महिन्यांतच नियम गुंडाळावा लागला. आता कल्पना करा, त्या महिन्यांचा डेटा तुमच्या हाती आला. एकाच किमतीच्या तीन नोंदी. तुमचं मॉडेल निमूटपणे सांगेल की तिघांची योग्यता सारखीच होती! आकडे खरे, निष्कर्ष चूक.

ही व्यवस्था मोडायला फार काळ लागला. जॉर्ज ईस्टहॅमला न्यूकॅसल युनायटेड सोडायचं होतं, क्लब सोडेना. त्याने खेळणं थांबवून दुसरीकडे नोकरी धरली. १९६० मध्ये त्याची बदली आर्सेनलकडे झाली, तरी खेळाडूंच्या संघटनेच्या पाठबळावर खटला चालू राहिला. दरम्यान १९६१ मध्ये कमाल पगाराची मर्यादा गेली. तेव्हा ती आठवड्याला २० पौंड होती. १९६३ मध्ये न्यायाधीश विल्बरफोर्स यांनी निकाल दिला, की ही पद्धत माणसाच्या धंदा करण्याच्या हक्कावर अवाजवी बंधन घालते. क्लबांची पकड सैल झाली, पण करार संपल्यावरही फी मागण्याची रीत उरलीच.

ती मोडली बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बोस्मानने. १९९० मध्ये त्याचा आरएफसी लिएज या क्लबशी करार संपला. क्लबने देऊ केलेला नवा पगार जुन्याच्या पावपट होता. फ्रान्सच्या डंकर्क क्लबकडे जायचं ठरलं, पण व्यवहार फिसकटला आणि तो अधांतरी राहिला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: करार संपलेला युरोपीय संघातला खेळाडू संघातल्या दुसऱ्या देशातल्या क्लबकडे फीशिवाय जाऊ शकतो. त्याची स्वतःची कारकीर्द मात्र तोवर जवळजवळ संपली होती.

इथून तिसऱ्या कॉलमचा अर्थच बदलतो. आता क्लब विकतो तो कराराचा उरलेला काळ. तीन वर्षं बाकी असतील तर विकणारा ताठ राहतो, सहा महिने असतील तर नमतो. एम्बापेचा पॅरिसशी असलेला करार २०२४ मध्ये संपला आणि तो फीशिवाय रिअल माद्रिदला गेला. विश्वचषक जिंकलेल्या खेळाडूची ‘किंमत’ शून्य! अशा वेळी क्लबचे वाचलेले पैसे बऱ्याच अंशी पगार आणि साइनिंग बोनस या रूपाने खेळाडूकडे जातात. नेयमारचे २२.२ कोटी युरो म्हणजे बार्सिलोनाबरोबरच्या करारात आधीच लिहिलेली सुटकेची रक्कम. पॅरिसच्या क्लबला ती जशीच्या तशी भरावी लागली.

हिशेबाच्या वह्याही यात आल्या. १० कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला, तर दरवर्षी २ कोटी खर्च दाखवला जातो. तीन वर्षांनी वहीतली किंमत ४ कोटी उरते. ६ कोटींना विकला तर २ कोटी नफा. करार आठ वर्षांचा केला, तर वार्षिक खर्च सव्वा कोटीवर येतो. चेल्सीने असे लांबलचक करार केल्यावर २०२३ मध्ये युएफाने हा हिशेब पाच वर्षांपुरता मर्यादित केला. स्वतःच्या अकादमीतून वर आलेल्या पोराची वहीतली किंमत मात्र शून्य असते, त्यामुळे त्याच्या विक्रीतली जवळपास सगळी रक्कम नफा ठरते. मग पैशाच्या ओढाताणीत क्लब घरच्याच पोराला विकायला काढतो, आणि त्यात त्याच्या खेळाचा दोष नसतो.

म्हणून रिग्रेशन चालवण्याआधी चार प्रश्न वहीत लिहून ठेवा. पैसा कुणाला मिळाला? कोणता हक्क विकला गेला? त्या वर्षी कोणता नियम लागू होता? आणि जे खेळाडू विकलेच गेले नाहीत, ते या शीटमध्ये कुठे आहेत? शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. फी फक्त विकलेल्यांचीच दिसते, आणि कोण विकला जातो हे काही चिठ्ठ्या टाकून ठरत नाही.

तुमचा विषय फुटबॉल नसेलही. जमिनीचे व्यवहार असतील, कांद्याचे भाव असतील, पेटंट असतील. ‘किंमत’ नावाचा कॉलम दिसला, की आधी त्या वर्षीचे नियम काढून वाचा. त्यात एखादा महिना जाईल, गाईडही विचारतील की रिझल्ट कुठेत. पण तो महिना आत्ता घालवलेला बरा, नाहीतर व्हायव्हामध्ये कुणीतरी एम्बापेच्या शून्यावर बोट ठेवेल.