पट्टीची गाठ

गेल्या डिसेंबरात अण्णा पुण्याहून रेल्वेने जोधपूरला माझ्याकडे आले. एक रात्र आणि जवळजवळ अख्खा दिवस प्रवास. स्टेशनवर उतरले तेव्हा दोन्ही घोटे सुजलेले, साध्या मोज्याच्या कडेचा वळ पायावर उमटलेला. अण्णा सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आता पंच्याहत्तरी ओलांडली आहे. "मार्चिंगचे पाय आहेत, काही होत नाही," म्हणाले. मी ऐकलं नाही, डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पायाच्या फुगलेल्या नसा पाहिल्या, पावलाची नाडी तपासली आणि गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे, म्हणजे कॉम्प्रेशन सॉक्स, लिहून दिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर मोजा लांब होतो म्हणून अण्णांनी वरची कड दोनदा दुमडून गुडघ्याखाली जाड वळं केलेलं. मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो, "अण्णा, ते आधी उलगडा."

अण्णा हसले. "अरे, माझ्या आजोबांनी बसऱ्यात गुडघ्यापर्यंत पट्ट्या आवळल्या, वरून फीत बांधली. त्यांचे पाय शेवटपर्यंत चालले. तुला मोज्याच्या एका घडीचं काय एवढं?"

त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे लिहितो.

माझ्या पणजोबांचा एक फोटो गावच्या घरात भिंतीवर आहे. मराठा पलटणीतला जवान, हातात रायफल, घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत लोकरीच्या पट्ट्या. पहिल्या महायुद्धात पूना डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. पणजोबा त्यांच्यातल्याच एकीत. त्या फोटोतल्या पट्टीला इंग्रज 'पटी' म्हणत. शब्द आपल्याकडचाच, इंग्रजी शब्दकोशात गेलेला. वस्तूही आपल्याकडचीच. हिमालयातले लोक थंडी, काटे आणि दगडगोटे यांपासून बचाव म्हणून पायाला कापडी पट्टी गुंडाळत. वायव्य सरहद्दीवर लढणाऱ्या फौजेने ती उचलली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती सगळ्या ब्रिटिश पायदळाच्या गणवेशात आली. १९२४ साली मॅलरी एव्हरेस्टवर गेला तेव्हा त्याच्या पायांतही पट्ट्याच होत्या. अकादमीत आम्हाला 'पट्टी परेड' नावाची शिक्षा मिळायची, काही मिनिटांत एक गणवेश उतरवून दुसरा चढवून हजर व्हायचं. पट्टी गेली, नाव राहिलं.

ही पट्टी बांधायच्या दोन रीती होत्या. पायदळाचा जवान घोट्यापासून सुरू करून वर जायचा आणि शेवटची फीत गुडघ्याखाली बांधायचा. घोडदळाचा स्वार गुडघ्याखालून सुरू करून खाली यायचा आणि फीत घोट्याशी बांधायचा. कापड तेच, पाय तोच, पण गाठीची जागा वेगळी. माझा सगळा मुद्दा या गाठीपाशी आहे.

हृदयातून निघालेलं रक्त पायापर्यंत जोराने पोचतं. अडचण परत येण्याची. माणूस निश्चल उभा असेल तर घोट्यापाशी शिरांमधला दाब पाऱ्याच्या ८० ते १०० मिलिमीटरपर्यंत जातो, कारण हृदयापर्यंतचा सगळा रक्ताचा स्तंभ तिथे तोललेला असतो. तो वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकतं. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये छोट्या झडपा असतात. इटलीतल्या फॅब्रिशियसने १६०३ साली त्यांचं वर्णन केलं. त्याचा शिष्य विल्यम हार्वे याने १६२८ साली रक्त शरीरात फिरत राहतं हे सिद्ध केलं, त्यात या झडपांचा पुरावा मोठा होता. चालायला लागलं की घोट्यापाशी तोच दाब ३० च्या खाली उतरतो.

खडकवासल्याच्या परेड ग्राउंडवर आमचे ड्रिल उस्ताद ओरडायचे, "सावधानमध्ये बुटाच्या आत बोटं हलवत राहा!" हार्वे त्यांनी वाचला नव्हता. पण न हलता उभा राहिलेला कॅडेट कधी आणि का धाडकन पडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पायात रक्त साचतं, डोक्याला कमी पडतं.

आता पट्टी किंवा घट्ट मोजा काय करतो? शिरांना बाहेरून आधार देतो. फुगलेली शीर अरुंद झाली की झडपा पुन्हा नीट मिटतात आणि रक्त वेगाने वर जातं. पण अट एकच, दाब घोट्याशी सगळ्यात जास्त आणि वर जाताना कमी कमी होत गेला पाहिजे. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाचा एक नियम आहे. ताण तोच ठेवला तर गोलाई जितकी लहान तितका दाब जास्त. घोटा बारीक, पोटरी जाड. म्हणजे एकसारख्या ताणाने गुंडाळलेली पट्टी आपोआपच खाली घट्ट आणि वर सैल दाब देते. हिमालयातल्या मेंढपाळाला गणित न करता हे मिळालं होतं. बिघडतं ते वरच्या टोकाला. पट्टी घसरू नये म्हणून गुडघ्याखाली फीत करकचून आवळली की खालची सगळी मेहनत वाया. रक्त वर येतं आणि दारात अडतं.

सुश्रुतसंहितेत बंधांचे चौदा प्रकार सांगितले आहेत आणि बांधण्याच्या तीन पायऱ्याही, गाढ, सम आणि शिथिल. हातपायांना सम बांधावं आणि सांध्यांवर शिथिल, असं तिथे सांगितलं आहे. ही सूचना जखमेच्या पट्टीसाठी आहे. पण सांध्यापाशी सैल ठेवा, एवढं जरी फौजेने उचललं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

कारण पुढे १९१४ चा हिवाळा आला. लाहोर आणि मेरठ डिव्हिजनचे आपले जवान सप्टेंबरअखेरीपासून मार्सेयला उतरले आणि तिथून फ्रान्स-फ्लँडर्सच्या चिखलात गेले. गुडघाभर गार पाण्यात दिवसेंदिवस उभं राहायचं, हालचाल नाही, बूट ओले, आणि लोकरीच्या ओल्या पट्ट्या पायाभोवती आवळत गेलेल्या. पाय बधिर होत, निळे पडत, सडत. याला 'ट्रेंच फूट' म्हणतात. ब्रिटिश फौजेत त्या पहिल्या हिवाळ्यात अशा जवानांची संख्या सुमारे २०,००० सांगितली जाते. मूळ कारण गारठा, ओल आणि निश्चलपणा. पण घट्ट बूट आणि घट्ट पट्ट्या यांनी ते वाढतं, हे लवकरच लक्षात आलं. मग हुकूम निघाले. पट्ट्या सैल ठेवा, मोजे रोज बदला, पायांना देवमाशाचं तेल चोळा. जवानांनी एकमेकांचे पाय तपासायचे आणि अधिकाऱ्याने त्यावर लक्ष ठेवायचं. १९३८ च्या सुमारास ब्रिटिश पायदळाने लांब पट्टी सोडली.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा लोक रात्र-रात्र आसऱ्यात कापडी आरामखुर्च्यांवर बसून काढत. १९४० साली कीथ सिम्पसन या डॉक्टरने दाखवून दिलं की त्यांतले काही जण बॉम्बने नव्हे, पायात गोठलेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन मेले. खुर्चीची पुढची दांडी मांडीच्या मागे रुतत होती. पुन्हा तेच, खाली रक्त साचलेलं आणि वर अडसर.

आजचा मोजा ज्याच्यामुळे घडला तो कॉनराड योब्स्ट, अमेरिकेतल्या ओहायोत राहणारा जर्मन वंशाचा इंजिनिअर. त्याला स्वतःलाच पायाच्या शिरांचा विकार होता. तलावात उभं राहिलं की आराम पडतो, हे त्याच्या लक्षात आलं. पाण्याचा दाब तळाशी जास्त आणि वर कमी असतो. तोच उतार त्याने १९५० च्या सुमारास मोज्यात विणला.

आता माझी गोष्ट. ती सांगायची टाळत होतो.

काही वर्षांपूर्वी मी लडाखमध्ये एका उंच ठाण्यावर कंपनी कमांडर होतो. बर्फाने दोन आठवडे सगळे बंकरमध्ये अडकलेले. आमच्या एका नाईकाची डावी पोटरी दुखायला लागली. कोल्हापूरकडचा गडी, कधी तक्रार न करणारा. मला वाटलं, स्नायू धरला असेल. नर्सिंग असिस्टंट दुसऱ्या ठाण्यावर होता. मीच क्रेप बँडेज घेतलं, पोटरीवर घट्ट गुंडाळलं आणि घसरू नये म्हणून गुडघ्याखाली पक्की गाठ मारली. "बरं वाटतंय साहेब," तो म्हणाला. साहेबाने स्वतः बांधलंय म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी त्याचं पाऊल निळसर आणि दुप्पट झालं होतं. रेडिओवर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "सर, वर बांधलंय का काही?" गाठ सोडली. सुदैवाने आभाळ उघडलं आणि हेलिकॉप्टर आलं. खोल शिरेत गुठळी निघाली. अति उंचीवर रक्त दाट होतं, पाणी कमी प्यायलं जातं, हालचाल थांबते. तिथल्या लांब मुक्कामात गुठळ्यांचा धोका मैदानापेक्षा खूप जास्त असतो, हे आपल्याच लष्करी डॉक्टरांनी नोंदवून ठेवलेलं आहे. डॉक्टर नंतर म्हणाले, गुठळी बहुधा आधीचीच, पण गाठीने नक्कीच भर घातली. अशा वेळी चोळू नये, आवळू नये, लगेच कळवावं. तो वाचला. पण खालच्या मेडिकल कॅटेगरीत गेला आणि हवालदार होऊन घरी परतला. दर दसऱ्याला फोन करतो. पायाबद्दल तो बोलत नाही, मीही विचारायला कचरतो.

म्हणून माजी सैनिक वाचकांना चार शब्द. मोजा सकाळी उठल्याउठल्या, सूज नसताना चढवा. माप घोट्याचं आणि पोटरीचं घ्या, अंदाजाने आणू नका. मधुमेह असेल किंवा पायाच्या धमन्या अरुंद असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घालू नका, कारण पायाकडे जाणारं रक्तच कमी असेल तर तोच दाब घात करतो. एकाच पोटरीला अचानक सूज आणि दुखणं आलं तर मोजा शोधू नका, दवाखाना गाठा. आणि वरची कड कधीही दुमडू नका.

हे सगळं मी अण्णांना रात्री जेवताना सांगितलं. नाईकाचंही सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात जाऊन कमी लांबीचा जोड आणला. आता रोज सकाळी ते खुर्चीत बसून मोजे चढवतात आणि फिरायला निघण्याआधी पाय पुढे करून विचारतात, "बघ रे, घडी नाही ना कुठे?" मी वाकून बघतो.