समता म्हणजे काय रे बाबा?

"बाबा, इक्वॅलिटीला मराठीत काय म्हणतात?" लेकीचा शाळेचा प्रोजेक्ट होता, १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर. मी पटकन म्हणालो, "समता." "म्हणजे काय?" इथे मात्र अडलो. मग कपाटातले शब्दकोश खाली आले.

इंग्रजी शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला. तिथे 'एक्वुस' म्हणजे सपाट, एका पातळीतला. गंमत म्हणजे आपल्या 'सम'चाही एक अर्थ तोच. म्हणून तर समतल. आणि इंग्रजीतला 'सेम' हा आपल्या 'सम'चा लांबचा भाऊच! बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ मध्ये छापलं. दोन समांतर रेघा, कारण याहून सारख्या दोन वस्तू त्याला सुचेनात.

आपल्याकडे मात्र समता बराच काळ मनातच राहिली. गीतेतलं समत्व म्हणजे यशापयशात मन ढळू न देणं. वारकऱ्यांनी ती चंद्रभागेच्या वाळवंटापर्यंत आणली, पण गावच्या पाणवठ्यावर ती पोचली नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि अर्पण केली ती कुणाला? गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना. १७७६ चा जाहीरनामा लिहिणारा जेफरसन स्वतः गुलाम बाळगून होता. गुलामगिरी देशभर बंद व्हायला १८६५ साल उजाडलं.

महाडचं चवदार तळं नगरपालिकेने १९२४ मध्येच ठरावाने सर्वांना खुलं केलं होतं. ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह तिथलं पाणी प्यायले. पुढच्याच वर्षी त्यांच्या चळवळीचं 'समता' नावाचं पाक्षिक निघालं. मनातला शब्द असा पाणवठ्यावर आला. १९५० पासून राज्यघटनेच्या चौदाव्या कलमात कायद्यापुढची समानता आहे.

हे सांगता सांगता मला आमच्या गावच्या घरातला गोठा आठवला. तिथल्या कोनाड्यात गड्याचा कान तुटलेला कप असे. चहा वरून ओतायचा, कप त्यानेच विसळायचा. ओतायला बऱ्याचदा मीच जायचो.

"त्यांना घरातला कप कधी दिलास?" लेकीने विचारलं.

"नाही."

तिने ते प्रोजेक्टमध्ये लिहिलं. मंडळाच्या अंकात लिहावं की नाही, याचा मी चार दिवस विचार केला. मग वाटलं, दिवाळीत घरातले कोनाडेही झाडायचे असतातच की!