तळलेली मासळी : आधी दुकान कुणाचे, की आधी तेल कसले?

मासळी तळणाऱ्या दुकानाविषयी आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो ‘दुकान कुणाचे?’ हा. मासा कधीचा, तेल कितव्यांदा तापवलेले, हे प्रश्न मागून येतात. कधी येतच नाहीत. हा क्रम बरोबर आहे का, हे एका परक्या पदार्थाच्या इतिहासातून तपासून पाहू.

फिश अँड चिप्स हे इंग्लंडचे राष्ट्रीय खाणे मानले जाते. पिठात बुडवून तळलेला मासा, सोबत आलूच्या जाड तळलेल्या फोडी, वर मीठ आणि सिरका. पण यातले फारच थोडे मूळ इंग्रजांचे आहे.

सिरक्याची गोष्ट इराणातून सुरू होते. तिथे ‘सिकबाज’ नावाचे सिरक्यात शिजवलेले मांस होते. बगदादच्या इब्न सय्यार अल-वर्राक यांच्या 10व्या शतकातील पाकशास्त्राच्या ग्रंथात त्याच्या कृती आहेत. अरबांबरोबर तो पश्चिमेकडे गेला आणि स्पॅनिशमधला ‘एस्काबेचे’ हा शब्द त्यातूनच आला, असे अभ्यासक सांगतात. तोवर मांसाच्या जागी तळलेला मासाही आला होता. शब्बाथच्या दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून स्पेन-पोर्तुगालचे यहुदी शुक्रवारीच मासा तळून ठेवत. तो थंडही चांगला लागे. 1492 मध्ये स्पेनने यहुदींना हाकलले. 1656 नंतर त्यांना इंग्लंडमध्ये उघडपणे राहता येऊ लागले आणि तळलेला मासा लंडनच्या गल्ल्यांत आला. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये अशा दुकानाचा उल्लेख आहे.

आलू तर दक्षिण अमेरिकेचा. पुण्या-मुंबईकडचा ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. आपण वऱ्हाडात आलूच म्हणतो, जो शब्द फारसीत आलुबुखाऱ्याच्या जातीच्या फळाचा आहे.

मासा आणि आलू एकाच दुकानात कुणी आणले, यावर इंग्लंडमध्ये आजही वाद आहे. एक दावा लंडनच्या जोसेफ मालिन या यहुदी दुकानदाराचा, साधारण 1860 चा. दुसरा लँकेशायरमधील मॉसली गावच्या जॉन लीस यांचा, 1863 चा. हे दुसरे साल वऱ्हाडाने लक्षात ठेवावे. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध (1861-65) चालू होते, तिथला कापूस बंद झाला होता, लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या होत्या आणि वऱ्हाडाच्या कापसाला भाव चढला होता. पुढे आपल्या जिल्ह्याचा कापूस शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला आणि तिथून मुंबईकडे जाऊ लागला. तिकडे गिरणी कामगाराला दिवसभराच्या कामानंतर स्वस्त, गरम, पोटभर अन्न मिळे ते याच दुकानांत. वासामुळे या धंद्याला तिथे बराच काळ नाके मुरडली गेली. दुसऱ्या महायुद्धात मात्र सरकारने या खाण्यावर रेशन लावले नाही. ज्यांना बाहेरचे म्हटले, त्यांचाच पदार्थ देशाची ओळख झाला.

आपल्या गावात फिश अँड चिप्सची पाटी नसते. आठवडी बाजारात कढई लावलेली गाडी असते. बेंबळा, अरुणावती, ईसापूर या धरणांतले रोहू, कटला, मरळ. पकडणारे बहुधा भोई-ढिवर. बेसन, तिखट, हळद लावून तळतात. तिची पारख कशी करावी?

कच्चा मासा बघायला मागावा. कल्ले लाल, डोळा स्वच्छ आणि बोट दाबले की मांस परत वर यायला हवे. सगळेच मासे मसाल्यात बुडवून ठेवले असतील तर विचारावे. तेल काळपट, फेसाळ, धुरकट असेल तर परत फिरावे. वारंवार तापवलेल्या तेलात घातक संयुगे साठतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून अशा संयुगांना 25 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. बाहेरून करपलेला आणि काट्याजवळ कच्चा मासा म्हणजे आच जास्त आणि घाई फार. आलूच्या फोडी लगेच काळ्या पडत असतील तर आलू बहुधा शीतगृहातला आहे. तिथे त्यातली साखर वाढते.

यातल्या एकाही कसोटीला दुकानदाराचे आडनाव लागत नाही. हातगाडीवाल्याची कमाई दिवसाच्या गिऱ्हाइकावर चालते. फक्त नाव ऐकून पुढे गेलेला माणूस ताजा मासा आणि स्वच्छ तेल ठेवणाऱ्याला शिक्षा देतो, आणि नावावर भरवसा ठेवून शेजारच्या गाडीवर काळ्या तेलातले खाऊन घरी जातो. आधी कढईत डोकावू. दुकान कुणाचे, ते पैसे देताना गप्पांत कळेलच.