सण, शुभेच्छा आणि सार्वजनिक रस्ता : इतिहास काय सांगतो?

वाचकहो, चौकात कमान उभी राहते, विजेच्या माळा लागतात, आणि कापडी फलकावर 'गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा' अथवा 'ईद मुबारक' अशी अक्षरे झळकतात. ती वाचून दुसऱ्या धर्माच्या माणसाने मनाला लावून घ्यावे काय? प्रश्न लहान दिसतो. पण घराघरांतून तो विचारला जातो. शाळेत तिळगूळ वाटला तर आपल्या मुलाने घ्यावा की नाही? शेजाऱ्याने दसऱ्याचे सोने पुढे केले तर हात पुढे करावा की मागे घ्यावा? आणि आपण पाठविलेला शीरखुर्मा त्याने संकोचाने परत केला तर आपल्याला काय वाटेल? या प्रश्नांची उत्तरे भावनेच्या भरात देण्यापेक्षा आपल्याच मुलखाचा इतिहास समोर ठेवून द्यावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपल्या वऱ्हाडातील रीत पाहू. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलेला हा प्रांत. येथील खेड्यात मुसलमान शेतकरी बांधावरून शेजाऱ्याला 'राम राम' घालतो, आणि शेजारी त्याला 'सलाम चाचा' म्हणतो. त्यामुळे एकाचा रोजा मोडला नाही की दुसऱ्याची एकादशी बुडाली नाही. सणांच्या सजावटीचे सामान तरी कोणाच्या हातून येत असे? नवरात्र-संक्रांतीच्या बांगड्या मणियार भरीत असे. हळदकुंकू, बुक्का, अबीर आणि अत्तर ही अत्ताराच्या दुकानातली. दिवाळीपूर्वी घरोघरच्या गाद्या-रजयांचा कापूस पिंजारी पिंजून देई. हा जिल्हा कापसाचा, तेव्हा पिंजाऱ्याचे घर नाही असे मोठे गाव विरळाच. दुसऱ्या बाजूने मोहरमच्या सवारीपुढे नवस फेडणाऱ्यांत हिंदू कुटुंबे असत, आणि आर्णीच्या बाबा कंबलपोष यांच्या उरसाला येणाऱ्यांची जात-धर्म कोणी विचारीत नसे. नवरात्रातील दुर्गोत्सवासाठी यवतमाळ शहराचे नाव साऱ्या विदर्भात घेतले जाते. त्या गर्दीत रोषणाई पाहायला सर्व मोहल्ल्यांतली मुले जातात. रोषणाई पाहून कोणाचा धर्म बुडाल्याचे ऐकिवात नाही.

मग दंगे कोठून आले, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील. तो विचारलाच पाहिजे.

१८९३ च्या जुलैमध्ये काठेवाडात प्रभासपाटण येथे मोहरमच्या वेळी दंगल झाली. त्याचे पडसाद ११ ऑगस्ट १८९३ रोजी मुंबईत उमटले आणि अनेकांचे प्राण गेले. याच सुमारास पुण्यात गणेशोत्सव घरातून रस्त्यावर आला, आणि १८९४ पासून लोकमान्य टिळकांच्या पाठबळाने त्याला सार्वजनिक रूप मिळाले. त्याआधी पुण्याच्या ताबुतांच्या मिरवणुकीत हिंदू मोठ्या संख्येने सामील होत. १८९४ साली त्यांतील बहुसंख्यांनी ताबुतांकडे पाठ फिरविली. त्याच वर्षी सप्टेंबरात दारूवाला पुलाजवळच्या मशिदीसमोरून एक मेळा वाजतगाजत गेला आणि तेथे दंगा झाला. येथे एक गोष्ट बारकाईने पाहा. गणपतीची मूर्ती, मखर, आरास अथवा दिव्यांची शोभा यांबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती मशिदीच्या दाराशी, प्रार्थनेच्या वेळी वाजणाऱ्या वाद्याबद्दल. उलट बाजूला प्रश्न होता की सरकारी रस्त्यावरून वाजत जाण्याचा आपला हक्क का सोडावा?

हाच वाद तीस वर्षांनी आपल्या प्रांताच्या राजधानीत आला. १९२३ साली नागपुरात मशिदीपुढून वाद्ये वाजवीत दिंडी नेण्यास सरकारने मनाई केली आणि तिच्याविरुद्ध दिंडी सत्याग्रह झाला. १९२७ च्या सप्टेंबरात तेथे मोठी दंगल उसळली. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या गावोगावी 'मशिदीपुढचे वाद्य' हे शब्द त्यानंतर कैक वर्षे भांडणाचे दुसरे नाव होऊन बसले. ज्या ताशावाल्यांनी आदल्या पिढीत सवारीपुढेही ताशा वाजविला आणि गणपतीपुढेही वाजविला, त्यांच्याच ताशाचा आवाज आता शत्रूचा वाटू लागला. ताशा तोच होता. तो कोणासाठी आणि कोणाच्या दारात वाजवायचा, हे बदलले होते.

हा वाद केवळ हिंदू-मुसलमानांतला होता असे समजणेही चूक ठरेल. संयुक्त प्रांतातील औरंगाबाद नावाच्या गावी (हे मराठवाड्यातले नव्हे) शिया लोकांच्या मोहरमच्या मिरवणुकीला सुन्नी मंडळींनी हरकत घेतली. कारण मिरवणूक मशिदीजवळ थांबून मातम करीत असे. हे प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९२४ च्या त्या निकालाने सांगितले की, सार्वजनिक रस्त्यावरून आपल्या रीतीप्रमाणे धार्मिक मिरवणूक नेण्याचा हक्क प्रत्येक पंथाला आहे. मात्र स्थानिक अधिकाऱ्यांचे आदेश आणि इतर लोकांचा रस्ता वापरण्याचा हक्क यांना अधीन राहूनच. दोन्ही पक्ष एकाच किब्ल्याकडे तोंड करणारे, तरीही भांडले! यावरून ध्यानात येते की, भांडणाचे मूळ दुसऱ्याच्या धर्मात शोधून सापडत नाही. ते दुसऱ्याच्या दारात उभे राहून आपला जोर दाखविण्याच्या वृत्तीत आहे.

पुढे आपल्या राज्यघटनेने २५ व्या कलमात हाच समतोल राखला. धर्म पाळण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य सर्वांना. पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. धार्मिक भावना दुखावण्याबाबतचे २९५-अ हे कलम १९२७ साली दंडसंहितेत आले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या २९९ व्या कलमात आहे. त्यातही कायदा हेतू पाहतो. जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान हा गुन्हा. शेजाऱ्याने आपल्या सणाला आनंदाने लावलेला दिवा कोणत्याही अर्थाने त्यात बसत नाही. आवाजाबाबत २००० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ध्वनिवर्धकावरून प्रार्थना करा असे कोणताही धर्म सांगत नाही. हा नियम मंडपाला लागू आहे, तसाच आपल्या जलशाला आणि मिलादच्या मिरवणुकीलाही. दुसऱ्याच्या कर्ण्याविरुद्ध अर्ज लिहिताना आपला कर्णा किती मोठा आहे, हेही मोजावे.

भिवंडीचे उदाहरण आपण विसरू नये. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तेथे दंगल झाली आणि ती जळगावपर्यंत पोहोचली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. १९८४ साली तेथे पुन्हा रक्त सांडले. परंतु १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे नियमाने एकत्र बसू लागली. मिरवणुकीचा मार्ग, वेळ, अफवा यांवर समोरासमोर बोलू लागली. १९९२-९३ च्या हिवाळ्यात शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. गाव तेच होते, सणही तेच होते. बसून बोलण्याची सवय मात्र नवी होती.

आता एक हिशेब पाहू. विद्यार्थ्यांना तो विशेष आवडेल. आपले हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून ईद दरवर्षी सौर वर्षाच्या मानाने अकरा दिवस मागे येते आणि तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरते. हिंदू पंचांगही चंद्राचेच. पण ते सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास घालून ऋतूंशी जुळवून घेते. त्यामुळे दोन-तीन वर्षे दोन्ही पंचांगांचे महिने जोडीने चालतात आणि मग अधिक मास येऊन जोडी बदलते. रबीउल अव्वल आणि भाद्रपद बरोबर आले की १२ रबीउल अव्वल आणि अनंत चतुर्दशी जवळजवळ एकाच दिवशी पडणार, यात कोणाचा कट नाही. चंद्र एकच आहे! २०२३ साली २८ सप्टेंबरला नेमके हेच झाले. मुंबईत खिलाफत समितीने ईद-ए-मिलादची मिरवणूक २९ तारखेला नेली आणि विसर्जनाला रस्ता मोकळा करून दिला. २०२४ व २०२५ मध्येही मिरवणुका पुढे ढकलल्या गेल्या. २९ जून २०२३ रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या, तेव्हा पंढरपूरसह अनेक ठिकाणच्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरविले. कुर्बानीला पुढचे दिवसही शरीयतने दिलेलेच आहेत. सांगली जिल्ह्यातील गोटखिंडी येथे तर १९८० पासून गणपती मशिदीत बसतो. १९६१ साली जोराच्या पावसात मूर्ती भिजू लागली, तेव्हा मुसलमानांनी ती मशिदीत आणण्यास सांगितले, अशी त्यामागची हकीगत आहे.

प्रत्येक गावाने असेच करावे, असे माझे म्हणणे नाही. इबादत आणि शिष्टाचार यांत फरक आहे, आणि तो राखलाच पाहिजे. दुसऱ्याच्या पूजेत भाग घ्यावा की नाही, सणाच्या शुभेच्छा कोणत्या शब्दांत द्याव्यात, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. ज्याने त्याने आपल्या विवेकाला आणि जाणत्यांना विचारावे. परंतु सूरह निसामध्ये अभिवादनाला त्याहून चांगले, निदान तितकेच चांगले उत्तर देण्याची शिकवण आहे. त्या शिकवणीच्या उजेडात शेजाऱ्याच्या 'ईद मुबारक'ला उत्तर म्हणून कपाळावर आठी कशी चालेल? आणि आपण त्याला 'दिवाळी सुखाची जावो' म्हटले, तर आपण त्याच्या घरासाठी सुखच मागितले, अन्य काही नाही.

तेव्हा सजावट पाहून मनात प्रश्न उठला, तर वाचकांनी तीन गोष्टी तपासाव्यात. ही कमान कोणाचा रस्ता अडवते काय? हा आवाज आजाऱ्याला, परीक्षेच्या मुलाला, नमाज्याला वा पुजाऱ्याला छळतो काय? हे गाणे अथवा ही घोषणा कोणाला हिणविण्यासाठी आहे काय? तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तर रागाला जागाच उरत नाही. एकाचेही उत्तर 'होय' असेल, तर तक्रार जरूर करावी, रीतसर आणि समोर बसून करावी. आणि तीच फुटपट्टी आपल्या मंडपालाही लावावी.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुसलमान मुलांसाठी शिक्षणसंस्थेला आणि वसतिगृहाला आधार दिला, तेव्हा त्यांनी मुलांना आपला धर्म सोडायला सांगितले नव्हते. आपल्या शाळांतून बाहेर पडणारी मुले उद्या तलाठी होतील, डॉक्टर होतील, फौजदार होतील, वकील होतील. त्यांच्या दारावरून सर्वांच्या मिरवणुका जाणार आहेत. 'राम राम'ला मोकळ्या मनाने उत्तर देणारा आणि आपल्या नमाजाची वेळ नम्रपणे सांगणारा विद्यार्थी घडविणे, हे शिक्षणसंस्थेचे काम आहे. हे काम शाळेत झाले नाही, तर ते चौकात कोणीतरी आपल्या पद्धतीने करून टाकील. आणि त्याची किंमत १८९४ मध्ये, १९२७ मध्ये व १९७० मध्ये कोणी मोजली, हे आपण आताच पाहिले.